संत्र्याच्या बागेत केमिकल सेन्सर: नागपूरकडच्या नवख्यांनी सुरुवात कशी करायची

काटोल, नरखेड, कळमेश्वर, तिकडे वरूड-मोर्शी, कुठेही बागेवर गेलं की हल्ली कोणीतरी विचारतंच, "भाऊ, ते सेन्सर लावलं की रोग आधीच कळतो म्हणे, कोणता घेऊ?" आणि इंजिनिअरिंगची पोरं हाच प्रश्न उलटा विचारतात, म्हणजे सेन्सर आधीच घेऊन झालेला असतो आणि आता तो कुठे लावायचा ते हवं असतं. दोघांसाठीही लिहितोय, कारण दोघं एकाच जागी अडकतात.

केमिकल सेन्सर म्हणजे काय, तर एखादं रसायन कमी-जास्त झालं की ज्याचं व्होल्टेज, रेझिस्टन्स किंवा रंग बदलतो असं काहीही. आम्ल-अल्कता मोजणारा पीएच मीटर त्यात आला, पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार सांगणारा ईसी मीटर आला, वास पकडणारे गॅस सेन्सर आले, रोगाच्या स्ट्रिपा आल्या, आणि मेडिकलमधून आणलेला आयोडीनचा थेंबसुद्धा आला. ड्रोनचे फोटो, पानाचा हिरवेपणा मोजणारा चिमटा वगैरे प्रकाशावर चालतात, ते इथे घेत नाहीये.

एक गोष्ट डोक्यात पक्की करून पुढे वाचा. यातला जवळजवळ कुठलाही सेन्सर "या झाडाला अमुक रोग झालाय" असं सांगत नाही, तो एका गोष्टीचा एक आकडा देतो, आणि त्या आकड्याला अर्थ येतो तो त्याच बागेतल्या, त्याच वयाच्या, त्याच दिवशी मोजलेल्या चांगल्या झाडाच्या आकड्यामुळे. चांगलं झाड मोजलं नसेल तर आजारी झाडाचा आकडा वहीत लिहून काही उपयोग नाही.

१. आधी प्रश्न ठरवा

"झाड पिवळं पडतंय" हा प्रश्न नाही, ती तक्रार आहे. जवळ जाऊन बघा. खालची जुनी पानं पिवळी आणि शेंडा हिरवा असेल तर नत्राकडे बोट जातं. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं असेल तर लोहाकडे. पानं लहान, निमुळती आणि शिरांच्या मधे पिवळे पट्टे, तर जस्त. आणि पानाच्या मधल्या शिरेच्या डाव्या-उजव्या बाजूचे पिवळे डाग एकमेकांशी जुळत नसतील तर ग्रीनिंगचा, म्हणजे किडीतून पसरणाऱ्या जिवाणूच्या रोगाचा, संशय घ्यायचा. खोडातून डिंक गळतोय, साल कुजतेय, तर तो डिंक्या, म्हणजे फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जंतूचा रोग.

लोह आणि जस्ताच्या संशयाला पीएच मीटर कामाचा, नत्राला पानाची तपासणी, ग्रीनिंगला आयोडीन, डिंक्याला स्ट्रिप. वासाचे सेन्सर सध्या तरी शिकण्यासाठी आणि प्रोजेक्टसाठी. एवढं ठरलं की निम्मा खर्च वाचतो.

अजून एक, बहारासाठी ताण दिलेला असेल तेव्हा, म्हणजे आंबिया बहारासाठी थंडीत आणि मृग बहारासाठी मे महिन्यात, झाड मुद्दाम तहानलेलं ठेवलेलं असतं. त्या दिवसांतली रीडिंग घेऊन "स्ट्रेस सापडला" म्हणणाऱ्या प्रोजेक्टवर शेतकरी हसतात आणि बरोबर हसतात. ताणातली रीडिंग घ्या, जरूर घ्या, फक्त वेगळ्या पानावर लिहा आणि पाणी सोडल्यानंतरच्या रीडिंगशी मिसळू नका.

२. सामान आणि कागद

सुरुवातीला एवढं पुरे:

- काचेच्या बल्बचा, कॅलिब्रेशन करता येणारा (म्हणजे आकडा माहीत असलेल्या द्रावणावर जुळवून घेता येणारा) पीएच मीटर आणि साधा ईसी मीटर
- पीएच ७ चं आणि ९.१८ किंवा १०.०१ चं बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण, ईसीसाठी १४१३ मायक्रोसीमेन्सचं द्रावण
- इलेक्ट्रोड ठेवायला ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण
- डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात ते चालतं. जारमधलं आरओचं पाणी नको, त्यात क्षार उरलेले असतात
- ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा, प्लास्टिकचे ग्लास, झिपवाल्या पिशव्या, मार्कर
- आयोडीन, बारीक सँडपेपर, कात्री
- वही. मोबाइल ॲप असलं तरी वही

लॅबला नमुना द्यायचा तर सातबारा, आधार, मोबाइल नंबर आणि गट नंबर जवळ ठेवा, आणि चिठ्ठीवर झाडाचं वय, खुंट जंबेरी की रंगपूर, शेवटचं खत आणि फवारणी कधी झाली, हे लिहा. कॉलेजचं पोरगं असाल तर विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा, त्याशिवाय बरेच ठिकाणी दारातच उभं राहावं लागतं.

३. पीएच आणि ईसी: कंटाळवाणं आहे पण इथूनच

आपल्याकडच्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर, पीएच बऱ्याच ठिकाणी आठच्या आसपास किंवा वर. अशा जमिनीत लोह असतं, पण मुळाला घेता येईल अशा रूपात नसतं, जस्ताचंही तसंच. म्हणून पिवळ्या झाडाला रोग समजून बुरशीनाशक मारण्याआधी हा आकडा बघायचा. पीएच एक अंकाने बदलला म्हणजे आम्लता दहा पटीने बदलली, तेव्हा ७.५ आणि ८.५ मधला फरक छोटा समजू नका. चुनखडी आहे का एवढंच बघायचं असेल तर ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाका, फसफसलं तर आहे. हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा.

कॅलिब्रेशन सगळे टाळतात. टाळू नका. आधी ७ चं बफर, मग वरचं. आपली माती ७ च्या वर असताना लोक ७ आणि ४ वर कॅलिब्रेट करतात, कारण मीटरसोबत तेच दोन पुडे येतात, पण ज्या बाजूला मोजायचंय त्याच बाजूचं बफर हवं. वरच्या बफरची अजून एक खोड, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू खाली उतरतं, म्हणून वापरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही.

आता ऊन. २५ अंशाला इलेक्ट्रोड एका पीएचला साधारण ५९ मिलिव्होल्ट देतो, ४५ अंशाला तोच ६३ च्या जवळ जातो. मीटरमध्ये तापमानाची आपोआप भरपाई असेल तर तो एवढा फरक सांभाळून घेतो. पण मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवलेला मीटर आणि घरातल्या फ्रीजजवळ ठेवलेलं बफर अशी जोडी केली तर कसली भरपाई आणि कसलं काय. बफर, मीटर आणि नमुना एकाच सावलीत अर्धा तास ठेवा, मग मोजा. आणि काचेचा बल्ब कोरडा पडू देऊ नका, डिस्टिल्ड पाण्यातही बुडवून ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडमध्येच ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात टोपणातला थेंब कधी आटतो कळत नाही, दर आठवड्याला बघा.

माती घेताना झाडाच्या घेराखालची घ्या, खोडाला चिकटून नको, ड्रिपरच्या अगदी खालची नको, नुकतं खत टाकलेली नको. वरचा पालापाचोळा बाजूला करून फूटभर खोलीपर्यंत इंग्रजी व्ही सारखा खड्डा करायचा आणि बाजूची माती खरवडायची. चार-पाच झाडांखालची एकत्र करा, पण चांगल्या झाडांची वेगळी आणि आजारी झाडांची वेगळी! सावलीत वाळवा, बारीक करा, २० ग्रॅम मातीला ५० मिली पाणी, मधूनमधून ढवळत अर्धा तास, मग रीडिंग. ईसी त्याच ग्लासात, गाळ खाली बसल्यावर. ईसी दर मीटरला १ डेसीसीमेन्सच्या (dS/m) आत आली तर क्षाराची काळजी नाही, वर गेली तर विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही मोजून घ्या, कारण संत्र्याला क्षार सोसत नाहीत.

४. दोन सापळे, दोन्ही ऑनलाइन स्वस्तात मिळतात

पहिला, बॅटरी नसलेला दोन दांड्यांचा "थ्री इन वन" मीटर. मातीत खुपसला की काटा हलतो, वर पीएच लिहिलेलं असतं. त्यात दोन वेगळ्या धातूंमध्ये तयार होणारा करंट मोजला जातो, आणि तो ओलाव्याने जेवढा हलतो तेवढा पीएचने हलत नाही. पाणी घाला, तुमचा "पीएच" बदलेल.

दुसरा जास्त महाग पडतो, तो म्हणजे पाच पिनांचा "सेव्हन इन वन" एनपीके सेन्सर. आपल्याकडच्या निम्म्या स्मार्ट शेती प्रोजेक्टमध्ये हाच असतो. हा ओलावा, तापमान आणि ईसी बऱ्यापैकी मोजतो, पण नत्र, स्फुरद, पालाश हे तीन आकडे तो वेगवेगळे मोजत नाही, ईसीवरून हिशोब करून छापतो. पटत नसेल तर घरीच बघा. एका ग्लासात डिस्टिल्ड पाणी घ्या, रीडिंग घ्या, मग चमचाभर खायचं मीठ टाका. मिठात ना नत्र, ना स्फुरद, ना पालाश, तरी तिन्ही आकडे वर उडतील. एवढा एक प्रयोग प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यात करा म्हणजे व्हायवाला बाहेरच्या सरांनी तुमच्याकडून तो करून घ्यायची वेळ येणार नाही. सेन्सर फेकायची गरज नाही, ईसी आणि ओलाव्यासाठी वापरा, एनपीकेचे रकाने डिलीट करा.

काळ्या मातीत अजून एक भानगड, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पिनांभोवती हवा शिरते, मग आकडा एकदम शून्याकडे. सेन्सर बिघडला असं वाटतं, पण पिनांचा मातीशी संपर्कच तुटलेला असतो.

५. पानाचा रस आणि पानाची लॅब

नायट्रेट मोजणारे खिशातले मीटर असतात, त्यात आयन निवडणारी पातळ चकती असते, पानाच्या देठाचा रस पिळून दोन थेंब टाकायचे. कपाशी, टोमॅटो, भाजीपाल्याला चांगले, कारण देठात रस असतो. संत्र्याच्या देठातून रस काढताना बोटं दुखतात आणि रस निघत नाही, म्हणून संत्र्यासाठी मी याच्या वाटेला जाऊ नका म्हणेन, पान लॅबलाच द्या. पाच ते सात महिने वयाची, फळ नसलेल्या फांदीची, शेंड्यापासून दुसरं ते चौथं पान, झाडाच्या चारही बाजूंनी.

कपाशीवाल्यांनी मीटर घेतलाच तर तीन गोष्टी. रोज सकाळी एकाच वेळेला रस काढा. क्लोराइड जास्त असेल तर नायट्रेटचा आकडा फुगतो. आणि स्क्रीनवर नायट्रेट दिसतंय की नायट्रेटमधला नत्र, ते तपासा, दोन्हींत ४.४३ पटीचा फरक आहे आणि या एका घोळात खताचा सगळा हिशोब उलटा होतो.

६. ग्रीनिंगसाठी आयोडीन

मला विचाराल तर या सगळ्यात पैशाच्या मानाने सगळ्यात कामाची टेस्ट हीच. ग्रीनिंगचा जिवाणू सायला नावाच्या किडीतून पसरतो आणि पानातून अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये बसतो. नळ्या तुंबल्या की पानात तयार झालेली साखर बाहेर जात नाही, तिथेच स्टार्च म्हणून साठते. आणि स्टार्चला आयोडीन लागलं की काळंनिळं होतं, हे तर आपण शाळेत बटाट्यावर केलेलं आहे.

करायचं असं: संशयित झाडाची पक्व, डाग असलेली काही पानं घ्या आणि चांगल्या झाडाची तेवढीच, त्याच वेळेला तोडलेली. वेळ महत्त्वाची, कारण दिवसभर ऊन खाल्लं की चांगल्या पानातही थोडा स्टार्च जमतो, तेव्हा एकाची सकाळची आणि दुसऱ्याची दुपारची पानं असा प्रकार नको. सँडपेपरचा छोटा तुकडा पानाच्या वरच्या बाजूवर वीसेक वेळा घासा, हिरवी पूड कागदाला चिकटेल. तो तुकडा झिपच्या पिशवीत १ मिली पाण्यात टाकून बाहेरून चोळा. मग आयोडीनचा एक थेंब. पाणी फिकट तपकिरी राहिलं तर स्टार्च फारसा नाही, काळपट झालं तर आहे. प्रत्येक झाडाला नवीन सँडपेपर, आणि दोन्ही पिशव्या पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून बघा, फोटोही तसाच काढा.

जस्त कमी असलेलं पान दिसायला ग्रीनिंगसारखंच पिवळं असतं पण त्यात असा स्टार्च साठत नाही, म्हणून वेगळं ओळखायला ही टेस्ट उपयोगी. पण काळं झालं म्हणजे ग्रीनिंगच, असंही नाही. फांदीची साल जखमी असेल, तार रुतली असेल, तरी अन्न अडकतं आणि पान काळं दाखवतं. ग्रीनिंगवर औषध नाही, झाड काढून टाकणं हाच सल्ला मिळतो, तेव्हा आयोडीन बघून कुऱ्हाड उचलू नका, लॅबमधून पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी टेस्ट, करून घ्या. आणि जिवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, एका फांदीची पानं दिली आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्यावर निश्चिंत होऊ नका, वेगवेगळ्या बाजूंची द्या.

७. डिंक्यासाठी स्ट्रिप

कोविडची घरी करायची किट आठवते ना, अगदी तसंच. साल खरवडून जिवंत आणि मेलेल्या भागाच्या सीमेवरचा तुकडा घ्यायचा, पूर्ण सुकलेला काळा भाग नको. सोबतच्या द्रावणात चिरडायचा, स्ट्रिप बुडवायची, किटवर लिहिलेला वेळ थांबायचं. कंट्रोलची रेघ आली नाही तर टेस्ट बाद, दुसरी रेघ असो वा नसो.

स्ट्रिप फायटोफ्थोरा आहे एवढंच सांगते, त्यातला कोणता ते नाही, आणि पिथियम नावाच्या जवळच्या भावकीतल्या काही जातींनाही कधीकधी होकार देते. या स्ट्रिपा थंड ठेवाव्या लागतात. एप्रिल-मे मध्ये कुरिअरने मागवल्या आणि त्या गोडाऊनमध्ये दोन दिवस तापल्या तर पैसे पाण्यात, म्हणून थंडीत किंवा पावसाळ्यात मागवा आणि आल्या आल्या एक्स्पायरी बघा. स्ट्रिप यायची वाट बघत मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट मात्र थांबवू नका, ती तशीही लावायचीच असते.

८. वासाचे सेन्सर: प्रोजेक्टवाल्यांनी नीट वाचा

झाडावर किडीचा किंवा रोगाचा हल्ला झाला की ते हवेत वेगळी रसायनं सोडतं हे खरं आहे. पान कापलं की येणारा हिरवा वास त्यातलाच. मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे अंगदुखीच्या मलमाचा तो ओळखीचा वास, मावा लागलेली बरीच झाडं सोडतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमने फोनला जोडायचा रीडर आणि रंग बदलणारी स्ट्रिप वापरून टोमॅटोचा उशिराचा करपा पानाच्या वासावरून पकडून दाखवला. तेव्हा कल्पना भंकस नाहीये.

फक्त नागपूरच्या बर्डीवर स्वस्तात मिळणारा एमक्यू-३ किंवा एमक्यू-१३५ हा गॅस सेन्सर ते करेल ही अपेक्षा सोडा. यात तापवलेल्या टिन ऑक्साइडचा थर असतो, जळू शकणारा कुठलाही वायू आला की त्याचा रेझिस्टन्स पडतो. कुठलाही, म्हणजे शेजारच्या शेणखताचा, स्प्रे पंपाचा, चुलीच्या धुराचा, तुमच्या सॅनिटायझरचाही. शिवाय हे सेन्सर दहा लाखांत दहा-वीस भागांपासून पुढे नीट बोलतात, आणि झाडाचे वायू उघड्या हवेत बहुतेक वेळा त्याच्या हजारपट कमी असतात. म्हणून झाडाला सेन्सर टांगून ठेवणं बंद करा.

करायचंच असेल तर असं. फांदी न तोडता, पान न चुरगाळता, ठरावीक संख्येची पानं काचेच्या बरणीत किंवा ओव्हनच्या पिशवीत अर्धा तास बंद करा, साधी पॉलिथिन स्वतःच वास सोडते. तशीच एक रिकामी बरणी ठेवा. सेन्सर नवीन असेल तर आधी २४ ते ४८ तास तापू द्या, नाहीतर पहिल्या दिवशीचा आकडा आपोआप सरकत राहतो आणि तुम्हाला वाटतं शोध लागला. सोबत तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर लावाच, ऑगस्टमधली हवा आणि मार्चमधली हवा या सेन्सरला दोन वेगळे रोग वाटतात. एकाऐवजी चार-पाच वेगवेगळे सेन्सर घेऊन त्यांचा एकत्र पॅटर्न बघा, आणि झाडांना नंबर द्या म्हणजे रीडिंग घेणाऱ्याला आजारी कोणतं ते माहीत नसेल.

वायरिंगचे तीन नेहमीचे घोळ: प्रत्येक एमक्यूचा हीटर साधारण १५० मिलिअँपिअर ओढतो, चार लावले तर बोर्डच्या पिनवरून चालणार नाहीत, वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या. सेन्सरचं आउटपुट ५ व्होल्टपर्यंत जातं आणि ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) ची पिन ३.३ ची, मधे दोन रेझिस्टर टाका. आणि वायफाय चालू असताना ईएसपी३२ च्या दुसऱ्या एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या) पिना वाचता येत नाहीत, ३२ ते ३९ मधल्या वापरा.

९. वही

तारीख, वेळ, झाड नंबर, ऊन की ढग, शेवटचं पाणी, शेवटची फवारणी, कॅलिब्रेशन केलं का, रीडिंग तीनदा. बस. तांब्याची किंवा जस्ताची फवारणी झाल्यावर लगेच पान लॅबला दिलं तर पानावर बसलेलं औषधच रिपोर्टमध्ये येतं, हे या वहीवरूनच लक्षात येतं.

१०. पक्कं करायला कुठे जायचं

आपण नशीबवान, अख्ख्या देशाची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आपल्या अमरावती रोडवर आहे, मृदा सर्वेक्षणवाल्यांचा ब्युरोही त्याच रोडवर. कपाशीची केंद्रीय संस्था वर्धा रोडकडे, कृषी महाविद्यालय महाराजबागेजवळ. मातीसाठी जिल्ह्याची मृदा चाचणी लॅब आणि कृषी विज्ञान केंद्र, २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात, त्यात लोह आणि जस्त दोन्ही आहेत, म्हणजे तो कागद घरात पडलेला असेल तर नवीन खर्च करण्याआधी शोधून वाचा.

जाण्याआधी फोन करून त्यांना काय हवंय ते विचारा, माती की पान की मुळं, किती, आणि फी. पानं सकाळी तोडा, ओली असतील तर पुसा, कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत, थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पॅकवर, पण बर्फ पानाला टेकू देऊ नका. चांगल्या झाडाची पिशवीही सोबत न्या, काउंटरवर कोणी मागितली नाही तरी. आणि शुक्रवारी संध्याकाळी नमुना नेऊ नका, शनिवार-रविवार तो तिथेच पडून राहतो आणि सोमवारी तपासायला उरतं ते सडलेलं पान.